मेहुण्याचा दोर

दोर अंगणभर पसरला होता आणि गेनू त्याच्यावरून अनवाणी, डोळे मिटून चालत होता. घायपाताचा दोर. आत कुठे एखादा पीळ कुजला असेल तर डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतो, असं त्याचं म्हणणं.

"डोळं कशापायी मिटतुयास रं?" माझा थोरला भाऊ केरबादादा पडवीतून म्हणाला. "एक तर देवानं कायमचाच मिटलाय."

"देवानं न्हाय दाजी, माश्यांनी मिटलाय. आन् त्यापायी तुम्ही आजून धड च्यासुदिक पाजला न्हाय."

दोघेही खो खो हसले. आत चुलीपाशी अंजिरावहिनी हसली, तिच्या मांडीवरची चार वर्षांची लेक ठकूही काही न कळता हसली. त्या उन्हाळ्यात आमच्या घराला हसायला निमित्त लागत नव्हतं. पुढच्या सहा दिवसांत ते सगळं संपलं.

गेनू वहिनीचा पाठचा भाऊ. त्यांचं माहेर ओढ्यापलीकडच्या वाडीत, आमच्या परसातून हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. दादा मधपाळ. जांभळीच्या सावलीत त्याच्या सातेरी माश्यांच्या सात पेट्या ओळीने मांडलेल्या असत, आणि वर्षातून एकदा तो कड्यावर दोराने उतरून आग्या मोहोळही काढायचा. सहा वर्षांपूर्वी असाच तो खाली लोंबकळत असताना आग्या उठला आणि माश्या वर दोर धरून बसलेल्या गेनूच्या तोंडावर आल्या. गेनूने दोरावरचा हात उचलला नाही. दादा धडधाकट वर आला. गेनूचा चेहरा आठ दिवस भोपळ्याएवढा होता आणि डावा डोळा गेला तो गेलाच. तेव्हापासून दोघं एकमेकांना वाटेल ते बोलत आणि एका ताटात जेवत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपात फिटर होतो आणि पंधरा दिवसांची रजा काढून आलो होतो. शहरातला पगार खात असल्यामुळे गावातल्या सगळ्या जुन्या गोष्टी मला हसण्यासारख्या वाटत. म्हणून मी म्हणालो, "यंदा दोर मी धरतो की. गेनूला जरा विश्रांती."

गेनूने डोळा उघडला. दादा हसायचा थांबला.

"तुम्ही नगं, पाव्हणं," गेनू म्हणाला. "भावानं दोर धरायचा नस्तुया. मेव्हण्यानंच धरायचा."

"ते का?"

"भाऊ म्हंजी वाटेकरी," दादाने सांगितलं. अगदी साध्या आवाजात, आज बाजार आहे असं सांगावं तसं. "वर बसून त्याच्या मनात काय यील, त्याचं त्यालाबी कळायचं न्हाय. मेव्हण्याचं तसं न्हाय. त्याच्या हातात दोर न्हाई, भनीचं कुकू असतंय. त्येची मूठ सुटत न्हाय."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नाही म्हण की!"

"तुझ्यावर हाय रं, दिना. रीतीवर जास्त हाय," दादा म्हणाला, आणि विषय मासे धरण्यावर गेला.

खरं तर मी रजा काढली होती ती मासेमारीसाठीच. वैशाखात नदी आटते आणि पाणी फक्त डोहांत उरतं. तळेकोंडाच्या डोहात मरळ अडकून पडली होती, एकेक हातभर लांब, गेनू स्वतः बघून आला होता. आमचा बेत पक्का ठरला होता. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत डोहावर पोचायचं, मुक्काम तिथेच, आणि फटफटताच गळ टाकायचे. गेनूने बांबूच्या तीन काठ्या तासून ठेवल्या होत्या. गळ जुने गंजले होते म्हणून शुक्रवारी सकाळी दादा तालुक्याला जाऊन नवे आणणार होता. डोहावरून आल्यावर, त्याच आठवड्यात, कड्याच्या कपारीत दादाने हेरलेली एक सातेरी वसाहत काढायची होती. ती कपारीतून उचलून आठव्या पेटीत भरायचा त्याचा विचार होता, आणि दोर त्याचसाठी तपासायला काढला होता.

शुक्रवारी एसटीत चढता चढता दादा मला म्हणाला, "दिना, वैनीच्या काकडीवर लाल भुंगेरं पडल्यात. औषिद आणून ठिवलंय, तेवढं मार. पर दिस मावळल्याबिगर न्हाय हां, डोहावर जायाला रात झाली तरी चालंल. माश्या समद्या घरात आल्या का पेट्यांची दारं लाव, मग मार. आन् पंप पाटात धू नगंस."

"माहीत आहे रे," मी म्हणालो.

माहीत मला होतंच. मधपाळाच्या घरात जन्मलेल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. पण मी हिशेब केला तो डोहाचा. दिवस मावळल्यावर औषध मारायचं, म्हणजे निघायला अंधार पडणार, दोन डोंगर उतरून डोहावर जायचं, म्हणजे बेत बोंबलला. गेनू म्हणणार, राहू द्या, उद्या जाऊ. आणि उद्याचं परवा होणार, माझी रजा थोडीच वाढणार होती! वहिनी धुणं घेऊन ओढ्यावर गेली होती. मी पंप पाठीवर चढवला आणि नऊ वाजता, चढत्या उन्हात, परसातल्या काकडी आणि भोपळ्याच्या वेलांवर औषध मारून मोकळा झालो.

फुलं उघडलेली होती. जांभळीचा फुलोरा सरला होता, रानात सगळा शुकशुकाट, आसपास फूल म्हणावं असं काही असेल तर ते वहिनीच्या बागेत. प्रत्येक पिवळ्या फुलात एक-दोन माश्या होत्या. मला त्या दिसत होत्या. चार माश्यांनी काय होतंय, असं मी मनाशी म्हणालो, हे शब्द मला आजही तसेच्या तसे आठवतात. मग घाईघाईत पंप धुतला तो पाटातच. त्याच पाटाच्या कडेला ओल्या खड्यांवर दादाच्या माश्या पाणी प्यायला उतरत.

बाराच्या सुमाराला वहिनीने हाक मारली.

"भावजी, ह्या बगा काय करत्यात!"

पेट्यांच्या दारांसमोर माश्या जमिनीवर पडल्या होत्या. काही पाठीवर पडून गरगर फिरत होत्या, काही रांगत दाराकडे जात होत्या, आणि दारावरच्या माश्या त्यांना आत घेत नव्हत्या, ढकलून देत होत्या. बघता बघता खाली थर साचायला लागला. वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. 

मी काय केलं? बादली उचलली आणि परसात जाऊन काकडीच्या पानांवर पाणी मारत सुटलो. एक झाली, दोन झाल्या, दहा-बारा बादल्या झाल्या. सदरा ओलाचिंब झाला.

"भावजी," वहिनी मागे येऊन उभी राहिली होती. "भर उनात पानांवर पानी मारत्यात व्हय कोन? करपत्याल की ती."

"धुरळा बसला होता, वहिनी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सदरा काढून द्या. धुते." आणि सदरा घेऊन गेली.

दादा चारच्या गाडीने आला. खिशात नवे गळ, ठकूसाठी चुरमुऱ्यांची पुडी. जांभळीखाली पोचला आणि मट्‌कन खाली बसला. त्याने एक पेटी उघडली, दुसरी उघडली, सातही उघडल्या. मग मूठभर माश्या तळहातावर घेऊन त्यांच्याकडे बघत बसला. माझ्या भावाला रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"औषिद हाय ह्ये," तो म्हणाला. "कुनी मारलं?" आणि माझ्याकडे वळला. "तू मारलंस, दिना?"

"नाही," मी म्हणालो. "मी संध्याकाळी मारणार होतो. तूच सांगितलं होतंस ना."

खोटं बोलायला विचार करावा लागतो असं म्हणतात. मला लागला नाही. शब्द जिभेवर तयारच बसले होते. आणि माझं नशीब एवढं खोटं, की नेमका तेव्हाच गेनू ओढा ओलांडून आला. खांद्यावर तीन काठ्या, डोक्याला मुंडासं, कमरेला गांडुळांचा डबा.

"चला दाजी, मरळ वाट बघतीया!"

"गेन्या," दादा उठला. "तुझ्या टोमॅटोवर औषिद कवा मारलंस?"

"काल सांजंला. तुम्हास्नी सांगून मारलं की. तुम्ही दारं लावलीवती पेट्यांची." मग त्याची नजर जमिनीकडे गेली आणि खांद्यावरच्या काठ्या हळूच खाली आल्या. "आर्र... दाजी, ह्ये कसं झालं?"

"आज सकाळी मारलंस तू."

"न्हाय, दाजी."

"सकाळी मारलंस. न्हायतर काल मारलंस ते धुतलंस वड्यात. आमचं सोडलं तर तुझ्याबिगर ह्या आंगाला औषिद हाय कुनाकडं?"

"ठकूच्या गळ्याची आन, म्या न्हाय मारलं."

"पोरीच्या गळ्याची आन घ्यू नगंस!" दादा असा ओरडला की ठकू आत पळाली. "इतकी वर्सं संबाळल्यात म्या ह्या! पोरीआधी! तुला चार टोमॅटो पायजे हुते, घे. खा टोमॅटो. आन् हित्नं फुडं माझ्या उंबऱ्यावर पाय ठिवू नगंस. भन मेली म्हन."

गेनूने वहिनीकडे पाहिलं.  वहिनी त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होतो. गेनूने काठ्या उचलल्या आणि आला तसा ओढ्याकडे चालू लागला. उतारावर त्याचा पाय अडखळला. डाव्या बाजूचं त्याला दिसत नसे.

संध्याकाळी आम्ही सुपाने माश्या भरल्या आणि जांभळीखाली खड्डा काढून पुरल्या. खड्डा मी खणला.

सांगणार होतो मी. आज कोणी विश्वास ठेवणार नाही, पण सांगणार होतो. शनिवारी म्हटलं, आज नको, राग ताजा आहे. रविवारी म्हटलं, उद्या नक्की. दादा दोन दिवस जेवला नाही, आणि रिकाम्या पेट्यांची दारं उगाच उघडून लावत राहिला. दर वेळी मी जवळ जायचो, आणि त्याने मान वर केली की, "चहा घेतोस का?" असलं काहीतरी विचारून परत यायचो.

सोमवारी सकाळी त्याने खुंटीवरचा दोर काढला.

"कपारीतली वस्ती काढतो," तो म्हणाला. "पावसाच्या आत एक तरी पेटी भराय पायजे. एकीच्या दोन हुत्याल, दोनाच्या चार. चल दिना. दोर तू धर."

वहिनी भाकरी टाकत होती. ती तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"असं करू नगासा. गेनूला बलवा."

"त्येचं नाव काढू नगंस."

"मग जाऊच नगा. भावाच्या हातात दोर द्यायचा नसतुया, तुमीच सांगत आलाय."

"मेव्हण्यानं गळा कापल्यावर मग कुनाच्या हातात दिऊ? आँ?" दादा म्हणाला. "सांग की. कुनाच्या?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. अंगणात फक्त आम्ही तिघं होतो. ओढ्यापलीकडे गेनूच्या घरावर चुलीचा धूर दिसत होता. मी एक हाक मारली असती तर तो धावत आला असता. एक वाक्य बोललो असतो, तर दादाने मला चार मुस्काटात दिल्या असत्या, आठ दिवस बोलला नसता, आणि दोर पुन्हा गेनूच्या हातात गेला असता. एवढंच झालं असतं. मी तोंड उघडलं.

"मी धरतो, वहिनी," मी म्हणालो. "काळजी करू नका."

ती आत गेली. भाकरी करपल्याचा वास आला.

कड्याच्या माथ्यावर एक ऐन आहे. त्याच्या बुंध्याला दोराचं टोक बांधायचं, मग दोराला बुंध्याभोवती एक वेढा द्यायचा आणि पुढचा दोर दोन्ही हातांनी धरून जरा जरा सोडत जायचं. खालच्याला फक्त वरच्याच्या मुठीचा आधार. दादाने कमरेला दोर बांधला, जाळीची पिशवी आणि पेटत्या गोवरीचं मडकं घेतलं, आणि कडेवर बसून माझ्याकडे बघितलं.

"माश्या आल्या तर येऊ द्याच्या," तो म्हणाला. "मेलं तरी हात उचलायचा न्हाय. धेनात ठेव."

"हो."

"गेन्यानं न्हवता उचलला," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "लई बोललो म्या त्येला. वर आल्याव जातो त्याच्याकडं. औषिद मारलं तर मारलं, मानूस काय वाईट न्हाय."

आणि उतरला.

गावाला मी जे सांगितलं ते असं. दादाने धूर दिला, वारा फिरला, आणि धूर कपारीऐवजी वर लोंबणाऱ्या आग्यावर गेला. आग्या उठला. दादा ओरडला, वर घे. मी ओढायला लागलो, पण ऐनाची साल सुटली आणि वेढा घसरला. दोर तुटला नाही. टोक बांधलेलं होतं, पण मधला सगळा सैल दोर सुटून गेला, आणि तो ताणला जाईपर्यंत दादा वीस-पंचवीस हात खाली जाऊन खडकावर आपटला होता. मी खाली पोचलो तेव्हा तो दोराला तसाच लटकलेला होता आणि माश्या त्याच्यावर बसलेल्या होत्या. त्याला आता त्यांचं काही नव्हतं.

लोकांनी माझा सुजलेला चेहरा पाहिला, ऐनाची सोललेली साल पाहिली, आणि ऐकून घेतलं. म्हातारी माणसं एकमेकांत एवढंच म्हणाली की भावाच्या हातात दोर द्यायला नको होता.

मसणवट ओढ्याकाठी, दोन्ही वाड्यांची एकच. गेनू तिथे आला, दूर उभा राहिला, आणि सगळे निघाल्यावर राखेशी बसला. पण आमच्या घरी आला नाही. लोक समजूत घालायला गेले तर म्हणाला, "दाजीनं पाय ठिवू नगं म्हनलंय. आता त्यो शबुद मागं घ्याला दाजी कुठनं आनू?"

मी बदली मागून जवळच्या डेपोत आलो. घर सांभाळलं, बाग सांभाळली, ठकूला शिकवलं. माझं लग्न झालं, मुलं झाली, पण ठकूला पहिलं आणि मग माझ्या मुलांना, असा शिरस्ता ठेवला. गाव म्हणायचं, दीर असावा तर असा. मी ते ऐकून घ्यायचो. सतरा वर्षं मी ते ऐकून घेतलं आणि दर वेळी मला स्वतःची शिसारी आली. पेट्या मी परत भरल्या नाहीत. सातही जांभळीखाली तशाच राहिल्या, वाळवीने खाल्ल्या.

ठकूचं लग्न ठरलं तेही वैशाखातच. गोरज मुहूर्त, अंगणातच मांडव. बाप नाही म्हणून कन्यादान मी आणि माझी बायको शालन करणार. कन्यादान करणाऱ्याने मुहूर्तापर्यंत उपास धरायचा असतो, तो मी आनंदाने धरला. कोणाच्या तरी उपयोगी पडतोय, असं मला त्या सकाळी खरोखर वाटलं. फक्त एक अडचण होती. मुलीला मांडवात आणायला मामा लागतो, आणि हळद होऊन गेली तरी मामा आला नव्हता.

नऊच्या सुमाराला वहिनी माझ्याकडे आली. विधवा बाई म्हणून ती दोन दिवस मागच्या पडवीतच होती.

"भावजी, तुम्ही गेनूला घिऊन या."

"मी गेलो होतो, वहिनी. पत्रिका घेऊन गेलो होतो. तो येत नाही म्हणतो."

"पत्रिका नगं. जे सांगायचंय त्ये सांगा, मग यील."

"काय सांगायचंय?"

ती खाली बसली. मांडवात मुलं दंगा करत होती, कोणीतरी वाजंत्र्यांना चहा नेत होतं.

"त्या दिशी सदरा धुतला म्या तुमचा," ती म्हणाली. "तीन पान्यांनी धुतला तरी वास जाईना."

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"भर दुपारी काकडीला पानी घालताना बगितलं तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी सांगाल म्हून थांबले. आज सांगत्याल, उंद्या सांगत्याल." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "म्या सांगितलं आस्तं तर तुमी दोगं भाऊ तुटला आस्ता जल्माचं. आईवेगळं तुमी, त्येंनी वाढवलेलं. म्हनलं, माझा भाऊ तुटला तर तुटू द्या, चार दिसांनी जोडता यील. त्येंचा तुटाय नगं." मग तिने पदराने तोंड पुसलं. "म्या बी तितकीच चुकले. पर माझं म्या भोगलं. जावा आता."

मी गेलो. सतरा वर्षांत ओढा मी शेकडो वेळा ओलांडला होता, त्या दिवशी तो संपेना.

गेनू ओट्यावर बसून दोराची पाती वळत होता. केस पांढरे झाले होते. वर आढ्याला तीन बांबूच्या काठ्या बांधलेल्या होत्या, तासलेल्या, धुराने काळ्या पडलेल्या.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. औषध, पाट, पाणी, दादाला दिलेलं उत्तर. त्याने हात थांबवले नाहीत. सांगून झाल्यावर मला वाटलं की संपलं, आता तो शिव्या देईल. त्याने फक्त विचारलं, "आन् दोर?"

"काय दोर?"

"ऐनाची साल वेढ्याच्या वरनं सोललीवती. वेढा वर सरकत न्हाय, खाली सरकतुया. ती साल दोरानं न्हवती सोलली, पाव्हणं. नखांनी सोललीवती. म्या दुसऱ्या दिशी जाऊन बगून आलोय."

सतरा वर्षं हा माणूस ते जाणून गप्प बसला होता. मी खाली बसलो.

"माश्या तोंडावर आल्या," मी म्हणालो. "डोळ्यावर बसल्या. एक डोळ्यात शिरली. मी... मी हात उचलला, गेनू. एकच उचलला. चेहऱ्यावरनं पुसायला. तेवढ्यात दुसऱ्या हातातून दोर गेला. साल मी नंतर सोलली."

हे मी तोपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं. शालनला नाही, देवासमोर नाही. माझ्या मनात वाटणीचा विचार आला होता का? नव्हता आला. आईशपथ नव्हता. मला फक्त माझा डोळा वाचवायचा होता.

गेनू माझ्याकडे बघत राहिला, त्याच्या उरलेल्या एका डोळ्याने. डावी पापणी मिटलेलीच होती.  मग त्याने पाती बाजूला ठेवली.

"कोनचा हात?" त्याने विचारलं.

"हा." मी उजवा पुढे केला.

"येतो म्या," तो उठत म्हणाला. "पोरीला मांडवात म्या आनीन. पर कन्यादानाला ह्यो हात नगं. पोरीचा हात ह्या हातातनं द्याचा न्हाय. माझी बायकू आन् मी बसू. तुमच्या वैनीला सांगा, तिला चालत आसंल तर."

मी येऊन वहिनीला सांगितलं. ऐकून ती आत गेली आणि शालनशी काहीतरी बोलली. शालन माझ्याकडे चमकून बघत होती, तिला मी नंतर सगळं सांगितलं. लोकांना सांगितलं की मामाचा मान मोठा, मामाच कन्यादान करणार. लोकांनाही ते पटलं, उलट माझ्या मनाचा मोठेपणा म्हणून दोघा-तिघांनी माझी पाठ थोपटली.

तीनच्या सुमाराला गेनू आला. नवं धोतर, कोरा फेटा. उंबऱ्याशी क्षणभर थांबला. वहिनी मागच्या पडवीतून उठून पुढे आली, विधवेने पुढे यायचं नसतं हे ती विसरली असावी. भावाबहिणीत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मी जांभळीखाली, पडक्या पेट्यांजवळ जाऊन बसलो होतो.

तिथेच ती आली. हातात पत्रावळ, त्यावर भात, आमटी आणि बुंदी. पत्रावळ तिने माझ्यासमोर, जमिनीवर ठेवली.

"जेवून घ्या, भावजी," ती म्हणाली. "तुमाला आता उपास कशाला?"

मांडवात सनई सुरू झाली होती. मी डाव्या हाताने पत्रावळीवरच्या माश्या हाकलल्या आणि जेवायला लागलो.